मांजऱ्या, गेरू आणि काळा पाषाण

२००९ साली माझी बदली शिरूर तालुक्याच्या पूर्व भागातल्या बँकेच्या एका शाखेत झाल्याचा कागद हातात पडला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आली ती नगर रस्त्याने जाताना एसटीच्या खिडकीतून दिसणारी जमीन. शिक्रापूर मागे पडले की झाडे विरळ होत जातात, उसाचे हिरवे तुकडे कालव्याच्या आसपास आक्रसतात आणि दोन्ही बाजूंना तपकिरी माळ पसरतो, त्यावर दगड, तरवडाची झुडपे, एखादी वाकडी बाभूळ आणि वर भले मोठे आकाश. कुणी विचारले की तो भाग कसा आहे, तर मी एकाच शब्दात उत्तर देत असे, "उजाड." माझे माहेर रत्नागिरीजवळचे, लग्नानंतर संसार पुण्यात कोथरूडला, त्यामुळे निसर्ग म्हणजे पाऊस, ओहोळ, आगरातल्या माडा-पोफळी, किंवा निदान पावसाळ्यातला ताम्हिणी घाट, एवढेच माझे गणित होते. त्या गणितात शिरूरचा माळ कुठेच बसत नव्हता.

सोमवारी पहाटे पुण्याहून निघायचे, आठवडाभर तिथल्या भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी परतीची गाडी धरायची, असा क्रम सुरू झाला. शाखेत माझ्याकडे शेतीकर्जे होती. शेतीकर्जाच्या कामात जमीन आधी कागदावर भेटते. सातबाराच्या उताऱ्यात लागवडीखालच्या क्षेत्राच्या जोडीला 'पोटखराबा' असा एक रकाना असतो. शेतातली खडकाची, नाल्याची, मुरमाड टेपाची, म्हणजे ज्यातून काही पिकत नाही अशी जमीन त्यात मोडते. पोटात असलेली खराब जमीन. या भागातल्या उताऱ्यांत तो आकडा बराच मोठा असे आणि मी तो मुकाट्याने वजा करून उरलेल्या क्षेत्रावर कर्जाची रक्कम काढत असे. माझ्या लेखी त्या माळाची किंमत शून्य होती आणि ते मला कधी खटकले नाही.

खटकायला सुरुवात झाली ती एका विहिरीच्या काठावर.

विहिरीचे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते. इतकी खोदाई झाली की इतके पैसे, असा हिशेब असल्याने प्रत्येक टप्प्यावर जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. फाइलमध्ये भूजलाचा दाखला असतो. शेतकऱ्याने मात्र त्याआधीच पाणाड्याला बोलावून, तळहातावर नारळ उभा करून जागा पक्की केलेली असते, आणि दोन्ही जागा एकच निघाल्या की सगळ्यांनाच बरे वाटते. त्या दिवशी मी गेले तेव्हा खोदाई चाळीस फुटांच्या पुढे गेली होती. यारीचा लोखंडी डबा दगड भरून वर येत होता आणि काठावर खोदाईचा ठेका घेतलेले एक वयस्कर गृहस्थ उकिडवे बसून खालच्या माणसांना सूचना देत होते. मी टेप लावून खोली मोजायला सांगितली. त्यांनी मोजली आणि मग विचारले, "बाई, नुसते फूटच लिहून घेता, का काय लागलं तेबी लिहिता?"

काय लागले ते लिहायचा रकाना माझ्या अर्जात नव्हता. तरी मी विचारले आणि त्यांनी बोटाने विहिरीची भिंत वरून खाली वाचून दाखवली. वर हातभर माती. तिच्याखाली मुरूम, पिवळट, हाताने सुटणारा. मग मांजऱ्या, म्हणजे भुरकट-जांभळा, सगळ्या अंगाला भोके आणि पांढरे ठिपके असलेला खडक. त्याच्याखाली साधारण दोन वितींची एक विटकरी पट्टी, भिंतीला कुणी गेरूचा हात मारावा तशी विहिरीला पूर्ण वळसा घालून गेलेली; तिला ते गेरूच म्हणत होते. आणि गेरूखाली काळा पाषाण, सुरुंगाशिवाय हलणार नाही असा. "पाणी मांजऱ्या धरून ठेवतो," ते म्हणाले. "काळा काय देत न्हाय. पर काळ्याला चीर आसंल, तर मग विचारू नका." मांजऱ्या हे नाव कशावरून पडले असे मी विचारले, तेव्हा त्यांनी डब्यातून आलेला एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "डोळं बघा की त्येचं."

मी तो तुकडा उन्हात फिरवला. एकेका भोकात पांढरे, पाणीदार स्फटिक बसले होते, काही डाळिंबाच्या दाण्याएवढे, काही साखरेसारखे बारीक, आणि उजेड बदलला की ते एकामागून एक चमकत होते. पोटखराब्याच्या पोटात हे होते. मी तो तुकडा पर्समध्ये टाकला आणि शाखेत परत येऊन कर्जाचा दुसरा टप्पा मंजूर केला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, हे नोंदवून ठेवते.

त्या तुकड्याने मला वाचायला लावले. वाचले ते शाळेत भूगोलाच्या तासाला कानांवरून गेलेलेच होते. पण विहीर पाहिल्यावर ते निराळे वाटले. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी उकलली आणि तिच्यातून लाव्हा बाहेर पडून पसरत गेला. तो एकदाच आला आणि थांबला असे झाले नाही. प्रवाह येई, थंड होई, मग काही काळ निवांत जाई, मग दुसरा प्रवाह त्याच्यावर चढे. आज उरलेला त्याचा पसारासुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो आणि सह्याद्रीच्या बाजूला त्या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. प्रवाहाच्या ज्या भागात वायूचे बुडबुडे अडकले तो झाला मांजऱ्या. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्याने स्फटिक वाढवले. जिथे लाव्हा सावकाश आणि घट्ट थिजला तो झाला काळा पाषाण. आणि दोन प्रवाहांच्या मधल्या निवांत काळात वरचा थर झिजून जी माती झाली, ती पुढच्या प्रवाहाखाली भाजून निघाली. तोच गेरू. म्हणजे विहिरीतली ती दोन वितींची पट्टी ही एका जुन्या जमिनीची वरची बाजू होती, जिच्यावर कधीकाळी पाऊस पडला होता. ठेकेदाराने बोटाने दाखवली तीच ही उतरंड. पुस्तकाने तिच्यात फक्त वर्षे घातली होती.

सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात, हेही त्यातच आले. काळा पाषाण झिजत नाही, त्याचे कडे होतात. मांजऱ्या झिजतो, त्याचे उतार होतात. कडा, उतार, पुन्हा कडा. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला 'ट्रॅप' मूळचा स्वीडिश भाषेतला, पायऱ्या या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे, हे कळल्यावर तर मला थोडे हसूच आले, कारण राजगडाची चढण चढताना आमच्यातल्या प्रत्येकाने पायऱ्यांच्या नावाने खडे फोडलेले होते.

एकदा ही नजर लागली की पुण्यातही चैन पडेना. जंगली महाराज रस्त्यावरून मी कितीदा गेले असेन, पण पाताळेश्वर हे बांधलेले देऊळ नसून जमिनीतला काळा पाषाण वरून खाली कोरत जाऊन आठव्या शतकात काढलेले लेणे आहे, याचा अर्थ मला त्या वर्षी समजला. तिथल्या गोल नंदीमंडपाच्या खांबाला हात लावला तेव्हा तो मला ओळखीच्या विहिरीसारखा गार लागला. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत पाणी साचते तिथे मी मुलाला घेऊन गेले आणि खाणीच्या भिंतीत गेरूची पट्टी शोधत बसले. तो कंटाळून निघून गेला. आणि वाघोली! दर सोमवारी ज्या वाघोलीच्या कोंडीत एसटी पाऊण पाऊण तास अडकायची, त्या वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हनसाइट नावाचे गर्द निळे खनिज सापडते आणि त्याचे जगातले सर्वांत देखणे नमुने तिथलेच समजले जातात. त्यानंतर कोंडीत बसल्यावर मी ड्रायव्हरवर चिडण्याऐवजी डंपरांकडे बघत असे. चिडणे अगदीच थांबले असे मात्र नाही.

तरीसुद्धा हे सगळे कुतूहलच होते. कुतूहल आणि प्रेम यांत फरक असतो, आणि दुसरे कधी जडले ते मला नेमके सांगता येते, कारण त्या दिवशी माझ्या स्कूटरचे मागचे चाक पंक्चर झाले.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. एका वसुलीच्या कामाहून परत येताना माळावरच्या कच्च्या रस्त्यात बाभळीचा काटा टायरमध्ये गेला. फोनला रेंज येत-जात होती. शेवटी शाखेतल्या शिपायाला निरोप पोचला आणि तो पंक्चरवाल्याला घेऊन निघतो म्हणाला. म्हणजे तास-दीड तास काही करण्यासारखे नव्हते. पुस्तक नव्हते, सावली नव्हती. मी रस्ता सोडून थोडी आत गेले आणि एका सपाट दगडावर बसले. आधी घड्याळ पाहिले, मग फोन पाहिला, मग दुसरे पाहण्यासारखे नसल्यामुळे माळ पाहू लागले.

आणि तो हलू लागला, असेच म्हणावे लागेल. समोरचे दोन दगड हे दगड नव्हते. त्या टिटव्या होत्या आणि माझ्या बसण्याबद्दल त्यांची तक्रार होती. चंडोल जमिनीतून उसळावा तसा सरळ वर गेला, वरच्या वर गात राहिला आणि गाणे संपताच दगडासारखा खाली आला. कुसळी गवत पिकून तांबूस झाले होते. वारा आला की त्या सगळ्या माळाचा रंग एकदा फिकट आणि एकदा गडद होई, मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. ऊन कलले तशी प्रत्येक खड्याला सावली फुटली. दुपारी जो माळ सपाट पाटीसारखा दिसला होता, त्यात आता ओघळी, उंचवटे, मुंग्यांची वारुळे, मेंढ्यांच्या वाटा असे सगळे उमटून आले. पश्चिमेला खूप दूर, धुक्याच्या रेघेसारखे, जुन्नरकडचे डोंगर होते. इतक्या लांबवर माझी नजर त्याआधी फक्त समुद्रावर गेली होती.

त्याच दिशेने धनगरांचा एक वाडा चालला होता. मेंढ्या, दोन घोडी, घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या. मागून चालणारी एक बाई माझ्यापाशी थांबली. माझी अडचण ऐकून घेतली, स्कूटरकडे पाहिले आणि मग खाली बसून माझ्या साडीच्या काठात अडकलेली कुसळे काढू लागली. कुसळ ओढून निघत नाही. त्याच्या टोकाला उलटी लव असते, त्यामुळे ते आत शिरते तसेच पुढे ढकलून पलीकडून काढावे लागते. तिची बोटे ते न बघता करत होती. कुठे निघालात, असे मी विचारले. "कोकणात," ती म्हणाली. पारनेरकडून निघून जुन्नरच्या बाजूने घाट उतरायचा, उन्हाळाभर तिकडच्या रिकाम्या भातखाचरांत मेंढ्या बसवायच्या, त्या खताचे शेतकरी धान्य देतात, आणि पावसाच्या आत परत फिरायचे. मी मोठ्या उत्साहाने सांगितले की माझे माहेर कोकणातले. ते किती सुंदर आहे, असेही बहुधा म्हणाले.

"हाय की," ती म्हणाली. "पर पावसात मेंढरांची खुरं सडत्यात तिकडं. आन् अक्का, तिकडं समदं झाकल्यालं. नजर जात न्हाय. हितं आलं की जिवाला बरं वाटतं."

एवढे बोलून तिने हातातली कुसळे वाऱ्यावर सोडली आणि ती आपल्या मेंढ्यांच्या मागे गेली. पंक्चरवाला आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. तो खूप उशीर झाला म्हणून माफी मागत होता आणि मला त्याला सांगता येईना की अजून थोडा झाला असता तरी चालले असते.

त्यानंतर मी शनिवारी वेळेवर घरी पोचेनाशी झाले. कधी मध्येच उतरून मोराची चिंचोली, कधी एखाद्या शेतकऱ्याने सांगितलेला ओढा. घरी यांनी एकदा विचारले, "तिथे आहे तरी काय?" मी उत्तर द्यायला गेले आणि यादी सांगू लागले, तरवड, हिवर, धाविक, पखुर्ड्या, पण याद्यांनी कुणाचे समाधान होत नाही. मग एका पावसाळ्यानंतर आम्ही दोघे कुकडी नदीच्या काठाकाठाने निघालो, जमेल तिथे गाडीने आणि जमेल तिथे पायी. कुकडीचा उगम नाणेघाटाजवळ पूर गावातल्या कुकडेश्वरापाशी. नाणेघाट म्हणजे सातवाहनांची व्यापारी वाट. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण, जकात टाकण्यासाठीचा म्हणून दाखवला जाणारा. तिथे घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तीच नदी माणिकडोह आणि येडगाव या धरणांमधून वाट काढत पूर्वेला येते, तेव्हा शंभर किलोमीटरच्या आत पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास उतरलेला असतो. वाटेत बोरी गाव लागते. तिथे नदीकाठच्या थरांत सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख सापडली आहे आणि तिच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत. ती राख नेमक्या कोणत्या उद्रेकाची यावर संशोधक अजून भांडतात. आम्ही त्या काठावर उभे राहून डबा खाल्ला. यांनी राखेचा थर कुठला ते तीनदा विचारले आणि मी तीनदा वेगवेगळ्या जागी बोट दाखवले.

पण कुकडीचे खरे रूप तिने पुढे निघोजला दाखवले. एका काठावर शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, दुसऱ्या काठावर पारनेर तालुक्यातले निघोज, म्हणजे तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. मधल्या पात्रात नदीने काळा पाषाण अक्षरशः कोरला आहे. पुराच्या पाण्यात भोवरा फिरतो, भोवऱ्यात गोटे सापडतात, ते गरगर फिरून खडकाला खळगा पाडतात. गोटे झिजून जातात, नवे येतात, खळगा खोल होतो, शेजारच्या खळग्याची भिंत पातळ होऊन फुटते आणि दोन रांजणांचा एक होतो. त्यांना रांजणखळगे म्हणतात. काठावर मळगंगेचे देऊळ आहे आणि चैत्रात यात्रा भरते. पात्रातला खडक मात्र देवळाहून जास्त घडवलेला वाटतो, गोलाया, कंगोरे, कमानी, आणि खाली कुठेतरी हिरवे, हलत नसलेले पाणी. त्या दिवशी फार उन्हे होती आणि फार माणसे होती. आम्ही अर्ध्या तासात निघालो. पुन्हा यायचे, एवढे ठरले.

पुन्हा गेलो ते आईला घेऊन. वडील गेल्यावर ती रत्नागिरीचे घर बंद करून आमच्याकडे कोथरूडला राहायला आली होती. वय ७६, गुडघे कुरकुरणारे, आणि पुण्याच्या हवेपासून पुण्याच्या नारळापर्यंत सगळ्याबद्दल नाराज. माघातली सकाळ होती, गर्दी नव्हती. तिला हाताला धरून सावकाश खडकावर उतरवले आणि माझ्या आवडत्या जागेबद्दल काय ऐकावे लागेल याची मनात तयारी केली. ती बराच वेळ उभीच राहिली. मग चपला काढल्या आणि अनवाणी तळव्याने खडक चाचपला.

"अगो, हा तर सडाच," ती म्हणाली.

मी म्हटले, सडा, म्हणजे कोकणातला कातळाचा उघडा माळ, जांभ्याचा असतो, हा काळा पाषाण आहे. म्हणाले आणि माझे मलाच जाणवले की मी किती अपुरे बोलते आहे, कारण जांभासुद्धा दुसरे काही नसून कोकणच्या उष्ण दमट हवेत आणि मुसळधार पावसात कुजत गेलेला हाच खडक आहे. आई मात्र खडकाच्या जातीबद्दल बोलतच नव्हती. ती सांगू लागली की लहानपणी ती गुरे घेऊन सड्यावर जायची, पावसाळ्याचे चार महिने तिथे गवत आणि फुले असायची आणि उरलेले आठ महिने नुसता काळा, तापलेला कातळ. त्यावर ओढलेल्या चित्रांसारख्या रेघा होत्या आणि त्या कुणी काढल्या ते मोठी माणसे सांगत नसत. आज ज्या कातळशिल्पांबद्दल एवढे लिहिले जाते, त्यांच्यावर बसून ती शेंगा खायची. मला हे तिने कधी सांगितले नव्हते. मी तिच्याकडून घेतलेले कोकण आगरातले होते, विहिरीच्या आणि पोफळीच्या सावलीतले. घराच्या मागे चढण चढून गेले की लागणारा सडा मी सुट्टीत एखाददुसऱ्या वेळी पाहिला होता आणि उन्हाला कंटाळून खाली पळाले होते. 'उजाड' हा शब्द मी बहुधा तिथूनच आणला होता.

"तुझे वडील तिकडे कधी फिरकले नाहीत," आई म्हणाली. "मला आवडायचे."

मग ती एका उथळ, कोरड्या खळग्यापाशी बसली आणि त्यात हात घालून तळाचे गोटे चाचपू लागली. बरेच उचलले आणि टाकले. शेवटी आवळ्यापेक्षा जरा मोठा, एका बाजूने किंचित चपटा असा एक तिने पदराने पुसला आणि माझ्या पर्समध्ये ठेवला. मी म्हटले, "आई, इथून काही न्यायचे नसते." तिने माझ्याकडे लक्ष दिले नाही. "लसूण ठेचायला बरा आहे," ती म्हणाली, "तुझ्या त्या पितळी खलबत्त्याला काही धार नाही."

आता आई नाही. माझी बदलीही केव्हाच पुण्यात झाली, आणि नगर रस्त्याला शिक्रापूरच्या पुढेही गोदामे वाढत चालली आहेत. गोटा ओट्यावर असतो. तो सगळीकडून गुळगुळीत आहे आणि ओट्याला थोडा उतार आहे, म्हणून त्याच्याखाली ओल्या फडक्याची घडी ठेवावी लागते. नाहीतर घरंगळत जाऊन सिंकमध्ये पडतो.